धाकटीच्या लेनमधला पट्टा

१

ताईंचा दिवस आईला उचलण्यापासून सुरू व्हायचा. उचलणं म्हणजे खरोखरचं उचलणं. पलंगाच्या कडेला टेकायचं, आईचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घालून घ्यायचे, तिच्या कमरेला मिठी मारायची आणि "एक, दोन, हं!" म्हणत तिला खुर्चीत आणायचं. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय काही कामावर रुजू झाले नाहीत. "रजेवर आहेत, बिनपगारी," असं आईच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मदतीला तीन बायका ठेवून झाल्या. एकीचे हात गार होते, दुसरी घोरायची, तिसरीने आईला 'आजी' म्हणायचा गुन्हा केला. पायांची सगळी कसर आईची जीभ भरून काढायची, त्यामुळे तिघींनीही गाशा गुंडाळला.

म्हणजे आईला उचलायला ताईंशिवाय कोणी नव्हतं, आणि ताई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. पण बाईच्या अंगात ताकद होती हो! चौथा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही हातांत पिशव्या, तरी दारात पोचल्यावर श्वास जागच्या जागी. माझं कोण करणार, असं आई कधी म्हणाली नाही. ताई आहे, एवढं तिला पुरत होतं.

साडेआठला ताई प्रयोगशाळेत हजर. तिथे त्या एकवीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. पेशी वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाद्य घालायचं, मग त्या फोडून त्यांतली प्रथिनं काढायची आणि त्यांत एक ठरावीक एन्झाइम आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात, पेशीच्या चुलीच म्हणा. हे एन्झाइम त्या चुलीत सरपण सारणारं. ते नसलं तर पेशी लगेच मरत नाही. धुमसत राहते, अर्धवट जळणावर दिवस काढते आणि तिच्या भोवतीचं पाणी आंबट होत जातं.

एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायला अँटिबॉडी लागते. सशाच्या रक्तातून काढलेली, बोटाच्या पेराएवढ्या नळीत गोठवून ठेवलेली ही अँटिबॉडी हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकी त्या एकाच एन्झाइमला जाऊन चिकटते. सगळ्या नमुन्यांतली प्रथिनं एका पांढऱ्या कागदावर उतरवतात आणि तिथे प्रत्येक नमुन्याला आपापली लेन असते, उभी वाट. सगळं धुऊन-पुसून शेवटी कॅमेऱ्यात पाहिलं की एन्झाइम असलेल्या लेनमध्ये काळा आडवा पट्टा दिसतो. पट्टा आला, आहे. नाही आला, नाही.

२

आता ही अँटिबॉडी खरं बोलते की नाही, हे कसं कळायचं? त्यासाठी दर वेळी दोन नमुने शेजारी शेजारी चालवतात. एकात एन्झाइम नक्की असतं, दुसऱ्यात नक्की नसतं.

बारा वर्षांपूर्वी त्या पहिल्या नमुन्याची घाई होती आणि परवानगीचे कागद तीन महिने कोणाच्या तरी टेबलावर झोपले होते. ताईंनी बाही वर केली. "घ्या माझीच कातडी. मला कुठे मिरवायचीय!" हे नियमात बसत नव्हतं, म्हणून फायलीत नुसतं 'निरोगी स्त्री, वय एकोणचाळीस' असं लिहिलं. हातावरून मसुराएवढा तुकडा काढला आणि त्याच्या पेशी आजतागायत वाढत राहिल्या. एक्कावन्न वर्षांच्या ताई रोज सकाळी एकोणचाळीस वर्षांच्या ताईंना खाद्य घालत होत्या, असं म्हटलं तरी चालेल. प्रयोगशाळेत त्या पेशींना सगळे 'थोरली' म्हणायचे.

दुसरा नमुना गेल्या वर्षी आला. तो वकिलाने तयार केला. वकील म्हणजे इथलाच एक संशोधक, वय बेचाळीस, भिंतीशीही वाद घालील म्हणून हे नाव पडलेलं. त्याने थोरलीच्याच पेशी घेतल्या आणि त्यांच्यातला त्या एन्झाइमचा जीन कापून टाकला. बाकी सगळं तेच, फक्त ते एन्झाइम नाही. हिचं नाव पडलं 'धाकटी'.

"सगळं स्वतःकडे ठेवलंत ताई, बहिणीला काहीच दिलं नाहीत," वकील म्हणायचा.

"कापलंत तुम्ही आणि नाव माझं!" ताई उत्तर द्यायच्या.

दोघींचे फ्लास्क उबेच्या कपाटात एकाच फळीवर असायचे. थोरलीचं खाद्य तीन-तीन दिवस गुलाबी राहायचं. धाकटीचं दुसऱ्या दिवशीच पिवळं पडायचं, आंबायचं. ताई दार उघडून नुसत्या रंगावरून सांगायच्या, कोण कुठली ते.

३

तो मंगळवार होता. ताईंनी पांढरा कागद कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवला आणि चित्राची वाट पाहत उभ्या राहिल्या. थोरलीच्या लेनमध्ये पट्टा आला, काळाभोर. धाकटीच्या लेनमध्येही आला. फिकट, पेन्सिलीने ओढल्यासारखा, पण आला.

ताईंनी चष्मा पुसला. यंत्राने अवघड काही सांगितलं की माणूस आधी स्वतःचा चष्मा पुसतो. पट्टा तिथेच होता.

पहिला संशय अँटिबॉडीवर. नळी त्याच सकाळी नवी उघडली होती. ताईंनी दुसऱ्या फ्रीझरमधून जुनी नळी काढली, सगळं नव्याने केलं, त्यात दोन दिवस गेले. पट्टा आला. मग वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून वेगळीच अँटिबॉडी मागून आणली, शेळीच्या रक्तातली. तिनेही तेच सांगितलं.

दुसरा संशय माणसावर, आणि तो जास्त सोपा असतो.

"अहो वकील, धाकटीच्या फ्लास्कला हात लावलात का?"

"ताई, मी त्या कपाटाजवळून गेलो तरी तुम्ही तुमचे हातमोजे मोजून ठेवता."

"मग तिच्यात एन्झाइम आलं कुठून? थोरलीच्या पेशी तिच्यात मिसळल्यात कोणीतरी."

वकिलाने चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "अँटिबॉडी खोटं बोलतेय."

"दोन-दोन? एक सशाची, एक शेळीची, दोघींनी मिळून ठरवून?"

"साक्षीदार फुटतात, ताई," तो म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही नेहमीचं नव्हतं. वर्षभराची मेहनत धाकटीवर उभी होती त्याची. ती भेसळीची निघाली तर सगळ्यावर पाणी पडणार होतं. असा माणूस काय काय लपवू शकतो, याचा विचार ताई घरी जाईपर्यंत करत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक फ्लास्कच्या झाकणावर चिकटपट्टी लावून अर्धी सही पट्टीवर, अर्धी फ्लास्कवर. कोणी उघडलं तर सही जुळणार नाही. सही रोज जुळली. धाकटीचा पट्टा मात्र पुढच्या वेळी आणखी गडद आला.

४

त्याच आठवड्यात ताईंना तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं.

आधी वाटलं, दमणूक. मग कठडा धरून उभं राहावं लागलं. मांड्यांत असं काही दुखायचं की मैलभर धावून आल्यावरच दुखावं. डॉक्टरने रक्त तपासलं. "सगळं ठीक आहे, फक्त लॅक्टेट जरा जास्त दिसतंय. व्यायाम करून आला होतात का?" व्यायाम कसला डोंबलाचा! दवाखाना तळमजल्यावर होता आणि ताई रिक्षाने गेल्या होत्या. लॅक्टेट म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. चूल नीट पेटली नाही की उरतं ते, ज्याने धाकटीचं खाद्य पिवळं पडायचं ते. पण ही तुलना त्यांनी लगेच मनातून काढून टाकली. आपण शिकल्या-सवरलेल्या, एकवीस वर्षं हेच काम केलेल्या बाई आहोत, असं स्वतःला बजावलं.

रात्रीच्या जेवणाआधी आईला खुर्चीतून पलंगावर न्यायचं होतं. एक, दोन, आणि हात थरथरले. आई पुन्हा खुर्चीत बसली.

"हे काय? दुपारी तर एका झटक्यात उचललंस," आई म्हणाली. "आता संपावर गेलीस का?"

"दुपारी मी प्रयोगशाळेत होते, आई."

"हो, आणि मी सर्कशीत होते."

"अगं खरंच. आले नव्हते मी."

आईने ताईंकडे नीट पाहिलं. आईचं डोकं तल्लख होतं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला भावंडांच्या मुलांचे वाढदिवस पाठ होते. "हे बघ, दुपारी येतेस, मला उचलतेस, पाय चोळून देतेस, जातेस. पंधरा दिवस झाले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? उलट दुपारची तू बरी असतेस. बोलणं कमी, काम चोख. आणि हात कसे ऊनऊन असतात!" तिने ताईंची बोटं धरली आणि चटकन सोडली. "आता बघ, बर्फ नुसता."

ताईंना राग आला. आईचा नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. काकूंकडे घराची किल्ली होती, एक वाजता त्या आईला जेवण देऊन जायच्या. नक्की त्यांनीच परस्पर कोणीतरी बाई आणून बसवली असणार, आणि आईला चष्म्याशिवाय धड दिसत नाही. ताई तशाच खाली गेल्या.

"मी कोणाला आणू?" काकूंनाच राग आला. "गेले दोन आठवडे तुम्हीच तर असता घरी. परवा दाराशी आले तर आतून तुमचा आवाज, आईंना म्हणत होतात, पाय टाक, पाय टाक. म्हटलं, मायलेकींचं चाललंय, कशाला मध्ये पडा! डबा बाहेरच ठेवला. तुम्हीच आत घेतलात ना?"

ताई हो म्हणाल्या. काय म्हणणार होत्या?

५

पट्टा किती गडद आहे, हे संगणक आकड्यात सांगतो. ताईंनी वही काढली. पहिल्या मंगळवारी थोरली नव्वद, धाकटी दहा. मग पंचाहत्तर आणि पंचवीस. मग साठ आणि चाळीस. बेरीज शंभराच्या बाहेर जायला तयार नव्हती. धाकटीला जेवढं मिळत होतं, तेवढंच थोरलीचं कमी होत होतं, आणि मध्ये दोन फ्लास्कच्या भिंती, दोन सह्या आणि हातभर फळी होती.

दोघींचे जीन वाचायला पाठवले होते, त्याचा अहवाल आला. ताईंनी तो उभ्यानेच उघडला. थोरलीचा जीन शाबूत. धाकटीचा कापलेला, वकिलाने कापला होता तसाच. भेसळ नाही. वकील निर्दोष सुटला, आणि ताईंना त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना तो गुन्हेगार निघालेला हवा होता. माणसाने केलेली लबाडी परवडते.

त्या अहवाल घेऊन प्रमुख मॅडमकडे गेल्या.

"जीन कापलेला आहे म्हणजे एन्झाइम असणं शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय. कंपनीला लिहा."

"आणि थोरलीचा पट्टा उतरतोय, तो?"

"जुन्या झाल्यात त्या पेशी, ताई. बारा वर्षं झाली. किती दिवस पुरणार?" मग त्या म्हणाल्या, "तुम्ही रजा घ्या बरं चार दिवस. चेहरा किती उतरलाय!"

ताईंनी रजा घेतली नाही. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते कोणाला सांगितलं नाही. सुई घेतली, स्वतःच्या बोटाला टोचली, आणि रक्तातल्या पेशी फोडून तिसऱ्या लेनमध्ये भरल्या. वर नाव घातलं नाही, नुसती फुली मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र आलं. थोरली बेचाळीस. फुली बेचाळीस. धाकटी अठ्ठावन्न.

बोटातल्या ताज्या रक्ताने बारा वर्षं काचेत वाढलेल्या कातडीशी का म्हणून जुळवून घ्यावं? ताईंनी तीन कारणं शोधली. तिन्ही बरी होती, कागदावर लिहिली तर कोणीही मान डोलावली असती. ती लिहिता लिहिता त्यांच्या हातातून पेन गळून पडलं, आणि ते उचलायला वाकायचं त्यांच्या जिवावर आलं.

मग त्यांनी उबेचं कपाट उघडलं. फळीवर दोन गुलाबी फ्लास्क होते, एक पिवळा. पिवळा थोरलीचा होता.

६

दुसऱ्या दिवशी एक वाजून गेल्यावर ताई कोणाला न सांगता निघाल्या. चोर पकडायचा तर चोरीच्या वेळेला जायला हवं, एवढा साधा हिशोब होता.

गल्लीत ऊन होतं. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू, समोरच्या गॅलरीत कोणीतरी चादरी झटकत होतं. भुताखेताला शोभेल असं तिथे काहीएक नव्हतं. ताई इमारतीसमोर आल्या आणि त्यांनी सहज वर पाहिलं.

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत आई उभी होती.

उभी. दोन्ही हात गजांवर, तोंडावर ऊन, आणि ती खाली चादरी झटकणाऱ्या बाईला काहीतरी ओरडून सांगत होती, बहुतेक नावंच ठेवत होती. दोन वर्षांत ती त्या खिडकीशी आली नव्हती. ताईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. भीती नंतर आली. आईच्या कमरेभोवती एक हात होता. मागून आलेला, कोपरापर्यंत उघडा, पक्का धरलेला. त्या हातामागे खोली काळोखी होती आणि उन्हातून तिथलं काही दिसत नव्हतं.

ताई जिन्याकडे धावल्या. धावल्या म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत. दुसऱ्यावर पायरीवर बसल्या. तिसऱ्यावर काकूंच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या, मांड्या पेटल्या होत्या आणि छातीत हवा मावत नव्हती. वरून पावलांचा आवाज आला का? आल्यासारखा वाटला. कोणी खाली मात्र उतरलं नाही.

दार बंद होतं. ताईंनी किल्लीने उघडलं. आई खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले, पायांवर चादर. घरात कोणी नव्हतं. दोन खोल्या, एक न्हाणीघर, पलंगाखालची जागा, सगळं बघून झालं.

"काय शोधतेयस?" आई म्हणाली. "आणि एवढी धापा का टाकतेयस? आत्ता तर होतीस इथे."

७

ताईंनी ठरवलं. पेशी नको असल्या की फ्लास्कमध्ये ब्लीच ओततात, अर्धा तास ठेवतात आणि मोरीत सोडून देतात. रोजचं काम आहे, त्याला पाप म्हणत नाहीत. धाकटीच्या गोठवून ठेवलेल्या नळ्या त्यांनी आधीच बाहेर काढून वितळवल्या होत्या. राहिले दोन फ्लास्क.

पहिल्यात त्यांनी अडीच वाजता ब्लीच ओतलं. गुलाबी रंग पिवळा झाला, मग पांढुरका झाला, मग काहीच राहिला नाही. दुसऱ्यावर हात गेला तेवढ्यात वकील आत आला, म्हणून त्यांनी तो परत ठेवला.

संध्याकाळी त्या एकदाच थांबून चौथ्या मजल्यावर पोचल्या. कित्येक दिवसांनी! हातांची बोटं कोमट वाटत होती. म्हणजे जमतंय, परत येतंय, असं म्हणत त्यांनी दार उघडलं.

आईचा कोपर सुजलेला होता, काळानिळा. तोंडावरची मिश्किली पार उतरली होती. अशी भेदरलेली आई ताईंनी पडल्याच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"काय गं, मला सोडलंस का मध्येच?" आई म्हणाली. "चांगली चालवत होतीस. एकदम तुझा हात ढिला पडला, नुसत्या चिंधीसारखा. बरं झालं पलंग जवळ होता. डोकं आपटलं असतं तर?"

"किती वाजता, आई?"

"मी काय घड्याळ बघून पडते का? अडीच-पावणेतीन."

ताईंनी कोपराला मलम लावलं. योगायोग, त्या मनात म्हणाल्या. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती, संशय होता. सख्ख्या आईने आपल्याकडे असं पाहावं, याचं ताईंना फार वाईट वाटलं.

८

शेवटचा फ्लास्क त्यांनी शुक्रवारी तीन वाजता बाहेर काढला. वकील सभेला गेला होता. खोलीत पंख्याची घरघर आणि उबेच्या कपाटाची बारीक टिकटिक, एवढाच आवाज होता. परत आलेलं बळ पुन्हा ओसरलं होतं. सकाळी त्यांना दाराचा कडीकोयंडा ओढायला दोन्ही हात लागले होते, आईला उचलायला काकूंच्या मुलीला हाक मारावी लागली होती. हे आज संपवायचं. धाकटी गेली की जे त्यांचं आहे ते त्यांच्याकडे परत येईल, मग आईला कोणाची गरज नाही.

त्यांनी फ्लास्क टेबलावर ठेवला, त्यावरची सही तपासली, ब्लीचच्या बाटलीचं झाकण काढलं. आणि मग, सावध बाई त्या, आधी फोन केला. आईला म्हणायचं होतं, अर्धा तास खुर्चीतून हलू नकोस, कोणी आलं तरी उठू नकोस. मोबाइल बाहेर कपाटात होता, म्हणून भिंतीवरच्या फोनवरून लावला.

बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला. "हॅलो, कोण?"

"आई, मी."

"मी कोण?"

"अगं, मीच." ताईंचा आवाज त्यांनाच परका वाटला, धापेने फाटलेला. "ऐक, तू खुर्चीत आहेस ना?"

"खुर्चीत कशाला? मी जिन्यात आहे!" आईचा आवाज घुमत होता, मोकळ्या जिन्यात घुमतो तसा. आणि फार आनंदी होता. "चौथ्या मजल्यावरून निघाले, दोन मजले उतरले मी स्वतःच्या पायांनी. आता खाली रस्त्यावर जाऊन बसणार आहे. पण बोलतंय कोण?"

"आई, तुला कोणी धरलंय?"

"कोणी म्हणजे? माझी मुलगी आहे बरोबर." मग तो आवाज बदलला, कडक झाला. कोपर सुजलेल्या दिवशी आई ज्या नजरेने बघत होती, तीच आता आवाजात उतरली होती. "अहो, कोण तुम्ही? आई-आई काय लावलंय? ही चेष्टा आहे का? मुलगी माझ्या शेजारी उभी आहे, तिच्याच आधाराने मी उभी आहे."

"कोण आहे गं, आई?" फोनमध्ये कोणीतरी विचारलं. शांत, भरल्या अंगाच्या बाईचा आवाज, धाप अजिबात न लागलेला. ताईंचाच. "ते बोलणं नंतर कर. पायरीकडे बघ. मी धरलंय."

ब्लीचची बाटली ताईंच्या दुसऱ्या हातात तिरकी झाली होती. तोंडाशी थेंब जमला होता, फ्लास्कच्या बरोबर वर. त्यांनी बाटली सरळ केली. फार जपून केली, सावकाश, थेंब पडू न देता.

"हॅलो!" आई ओरडली. "बोलत का नाही?" आणि जिन्यात तिचा पाय सरकल्याचा, चप्पल घासल्याचा आवाज आला.

"माफ करा हं," ताई म्हणाल्या. "राँग नंबर लागला. तुम्ही घाबरू नका. त्यांना घट्ट धरून ठेवा आणि सावकाश उतरा."

"धरलंच आहे," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

ताईंनी बाटलीचं झाकण लावलं. ते घट्ट बसवायला बरंच बळ लागलं. मग धाकटीसाठी ताजं खाद्य फ्रीजमधून काढलं, कोमट व्हायला ठेवलं, आणि तेवढा वेळ स्टुलावर बसून राहिल्या, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं.